झोप न झालेल्या दिवशी व्यायाम: वेळ तीच, भार कमी

प्रश्न असा आहे: गेले काही महिने झोप लागायला तास-दीड तास जातो, पहाटे तीनला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. व्यायामाने झोप सुधारते म्हणतात. पण जेमतेम चार-पाच तास झोप झालेली असताना उठून व्यायाम करावा, की तेवढा वेळ पडून राहावं? आणि संध्याकाळी उशिराच सवड मिळत असेल, तर त्या व्यायामाने झोप आणखी बिघडते का?

व्यायाम सोडू नका आणि त्याची वेळही हलवू नका. रात्र वाईट गेली असेल तर त्या दिवसाचा भार तेवढा कमी करा. मात्र त्याआधी एक गोष्ट तपासून घ्या, कारण तिच्यावर उत्तर पूर्ण उलटतं.

झोप येत नाही, की झोपेला वेळच दिला जात नाही? रात्री साडेबाराला अंथरुणावर पडायचं, पडल्या पडल्या झोप लागायची आणि जिमसाठी पाचला गजर लावायचा, हा निद्रानाश नव्हे. ही झोपेची उपासमार आहे. तिथे व्यायाम दुपारी किंवा संध्याकाळी न्यावा आणि सकाळचे दीड-दोन तास झोपेला द्यावेत. निद्रानाश म्हणजे अंथरूण आहे, वेळ आहे, शांतता आहे, तरी झोप येत नाही. आठवड्यातून किमान तीन रात्री आणि सलग तीन महिने असं चाललं, तर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. अशा माणसाने सकाळी जास्त वेळ पडून राहणं हा सगळ्यात महागात पडणारा उपाय आहे. पुढचं सगळं त्याच्यासाठी आहे.

पडून राहण्याने नुकसान का होतं? जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन हे रसायन साचत जातं आणि त्यातून झोपेची ओढ तयार होते. सातऐवजी नऊला उठलात, तर रात्री अकरापर्यंत ती ओढ दोन तासांनी कमी भरते. त्यात शरीराचं आतलं घड्याळ सकाळच्या उजेडावर लावलं जातं, आणि तो उजेड रोज वेगळ्या वेळी मिळाला की घड्याळही डळमळतं. तिसरी गोष्ट, अंथरूण म्हणजे तळमळायची जागा, ही गाठ मनात पक्की बसते. ठरलेल्या वेळी उठून व्यायामाला बाहेर पडलं की या तिन्ही गोष्टींना एकदम आळा बसतो. म्हणून निद्रानाशात व्यायामाचा पहिला फायदा घाम गाळण्यात नाही, उठण्याची वेळ खिळ्यासारखी पक्की होण्यात आहे.

आता अपेक्षांबद्दल, कारण बहुतेकांचा धीर इथेच सुटतो. आज पळलो, म्हणजे आज रात्री झोप लागेल, असा हिशेब निद्रानाशात सहसा जमत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात निद्रानाश असलेल्या महिलांनी १६ आठवडे एरोबिक व्यायाम केला. एखाद्या दिवशीच्या व्यायामाचा त्याच रात्रीच्या झोपेवर परिणाम दिसला नाही. उलट, वाईट रात्रीनंतरच्या दिवशी व्यायाम कमी वेळ झाला. पण १६ आठवड्यांअखेर झोप सुधारली होती. म्हणजे खोडा दोन्हीकडून बसतो: फळ उशिरा मिळतं आणि वाईट रात्र दुसऱ्या दिवशीचा व्यायाम खाते. या महिन्यांत स्वतःला एकच प्रश्न विचारावा: या आठवड्यात ठरलेल्या दिवसांपैकी किती दिवस बाहेर पडलो?

सकाळी निर्णय घेताना मनगटावरच्या घड्याळाने दिलेला झोपेचा गुण पाहू नका. ही घड्याळं हालचाल आणि नाडी यांवरून अंदाज बांधतात. निश्चल पडून जागं राहणं, म्हणजे निद्रानाशाचं नेमकं लक्षण, त्यांना बऱ्याचदा झोप वाटतं. गाढ झोपेचे आकडे तर त्याहून कच्चे. आकडा वाईट दिसला की दिवस वाईट जाणार, ही समजूतही घर करते. त्याऐवजी तीन गोष्टी बघा. पहिली, डोळे मिटून खुर्चीत बसलात तर पाच मिनिटांत डुलकी लागेल का? लागणार असेल तर ती खरी झोपाळूपणाची खूण. अंग जड आहे, चिडचिड होतेय, पण डुलकी लागणार नाही, असं असेल तर तो थकवा आहे, आणि अशा थकव्यावर हलका व्यायाम चांगला लागू पडतो. दुसरी, उठल्यावर पडल्यापडल्याच मोजलेली नाडी. आपल्या आठवड्याच्या सरासरीपेक्षा ती मिनिटाला ८-१० ठोक्यांनी जास्त असेल तर दिवस हलका ठेवा. तिसरी, दहा मिनिटांची चाचणी. कपडे बदला, वॉर्मअप सुरू करा आणि दहा मिनिटांनी स्वतःला विचारा. बरं वाटत असेल तर पुढे जा. सुरुवातीपेक्षा वाईट वाटत असेल, तर चालून शरीर निववा आणि थांबा. तोही दिवस हजेरीत धरायचा.

भार किती कमी करावा, याचे हे अंदाज प्रयोगशाळेतून मोजून आलेले नाहीत, पण वापरायला भरवशाचे आहेत. पाच तास किंवा जास्त झोप झाली असेल तर नेहमीचा व्यायाम करा, मात्र प्रत्येक प्रकारातला शेवटचा सेट सोडा. तीन ते पाच तास झाली असेल तर सेट निम्मे करा, वजन १० ते २० टक्क्यांनी उतरवा आणि अजून तीन-चार रेप्स (त्याच हालचालीच्या आवृत्त्या) सहज निघतील अशा ठिकाणी थांबा. स्क्वॉट ६० किलोचे ८ रेप्सचे ४ सेट होत असतील, तर त्या दिवशी ५० किलोचे ८ रेप्सचे २ सेट. तीन तासांहून कमी झोप झाली असेल किंवा सलग दोन रात्री तशाच गेल्या असतील, तर २० ते ३० मिनिटं मोकळ्या हवेत चालणं आणि सांधे मोकळे करणं एवढंच. डोक्यावर उचलायची वजनं, डेडलिफ्ट, रहदारीतली सायकल, एकट्याने पोहणं आणि भिंत किंवा कडा चढणं त्या दिवशी पूर्ण बंद.

हा शेवटचा नियम कडक ठेवण्याचं कारण आहे. अपुऱ्या झोपेने एकदाच उचलायच्या वजनाची ताकद फारशी घटत नाही. घटते ती एकाग्रता, प्रतिक्रियेचा वेग आणि दीर्घकाळ दम टिकवण्याची क्षमता. तेच काम जास्त जड वाटू लागतं. त्यामुळे पहिल्या सेटला सगळं ठीक वाटतं आणि चौथ्या सेटला पाठ कधी वाकली ते कळत नाही. सलग १७ तास जागं राहिल्यावर प्रतिक्रिया जितक्या मंदावतात, त्यांची तुलना रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाशी केली गेली आहे. जिमपर्यंत स्वतः गाडी चालवत जाणार असाल तर हेही ध्यानात घ्या. अशा दिवशी घराच्या दारातूनच चालायला सुरुवात करा.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक याच्या अगदी उलटी असते: स्वतःला इतकं दमवायचं की झोप यायलाच हवी. निद्रानाशात मूळ अडचण बहुधा दमण्याची नसते, शरीर आणि मन चढ्या गियरमध्ये अडकल्याची असते. हृदयाचे ठोके, कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक, स्नायूंचा ताण हे सगळं थोडं वरच असतं. त्यात जोराचा व्यायाम आणखी भर घालतो. जुनाट निद्रानाशाच्या रुग्णांवर २०१० साली झालेल्या एका अभ्यासात मध्यम वेगाच्या एका एरोबिक सत्रानंतर झोप लवकर लागली. जोराच्या एरोबिक सत्रानंतर किंवा वजनांच्या सत्रानंतर तसं झालं नाही. यावरून वजनं उचलू नयेत असा अर्थ काढू नका. हाडं, स्नायू आणि रक्तातली साखर यांच्यासाठी ती हवीतच. झोपेसाठी मात्र मुख्य भर मध्यम वेगावर ठेवा. वेग बरोबर आहे का, हे ओळखायला बोलून बघा: पूर्ण वाक्य बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये.

शून्यापासून सुरुवात असेल तर पहिले दोन आठवडे रोज २० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस भराभर चाला. मग दर आठवड्याला प्रत्येक दिवशी साधारण ३ मिनिटं वाढवा. सहाव्या आठवड्यापर्यंत रोजची ३० मिनिटं, म्हणजे आठवड्याची १५० मिनिटं होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीतली ही किमान मर्यादा आहे. तिसऱ्या आठवड्यापासून दोन दिवस ताकदीचे धरा: बसणं-उठणं, ढकलणं, ओढणं, कमरेतून वाकून उचलणं आणि पोटाचा एक प्रकार, प्रत्येकाचे ८ ते १२ रेप्सचे दोन सेट. धापा टाकायला लावणारे इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ सावकाश असे फेरे) झोप सलग तीन-चार आठवडे स्थिरावेपर्यंत नकोत. नंतरही आठवड्यातून एकदाच आणि तेही दिवसाच्या पूर्वार्धात.

आता संध्याकाळच्या व्यायामाबद्दल. रात्री व्यायाम केला की झोप जातेच, हा सरसकट समज चुकीचा आहे. निरोगी माणसांवरच्या अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१९ साली प्रसिद्ध झालं. त्यात संध्याकाळच्या व्यायामाने झोप बिघडल्याचं दिसलं नाही. झोपण्याआधी तासाभराच्या आत संपणारा जोरकस व्यायाम तेवढा अडचणीचा ठरला. पण ते लोक नीट झोपणारे होते. निद्रानाश असलेल्याने जास्त अंतर ठेवावं: वजनं आणि पळणं झोपेच्या तीन तास आधी संपवावं, मध्यम चालणं दीड-दोन तास आधी. झोप येण्यासाठी शरीराच्या आतलं तापमान उतरावं लागतं. व्यायामाने ते एक अंश किंवा त्याहून जास्त चढू शकतं आणि पूर्ववत व्हायला वेळ घेतं. तीच गोष्ट नाडीची आणि तडफेची.

साडेअकराला झोपायचं असेल तर साडेआठला शेवटचा सेट संपलेला असावा. पुढची दहा मिनिटं हळू चाला. पाणी प्या, पण पाण्याचा मोठा वाटा दिवसभरात आणि व्यायामादरम्यान पोटात गेलेला असू द्या. रात्री उशिरा लिटरभर प्यायलात तर तीनची जाग लघवीसाठी येईल. नऊपर्यंत जेवण उरका. त्यानंतर घरातले दिवे मंद करा. साडेनऊ ते साडेदहाच्या दरम्यान ४० अंशांच्या आसपासच्या पाण्याने दहा मिनिटं अंघोळ करा. गरम पाण्याने हातापायांकडे रक्त धावतं, तिथून उष्णता बाहेर पडते आणि आतलं तापमान उतरायला मदत होते. थंड पाण्याचा झोत त्या वेळी अंगावर घेतला तर अंग खडबडून जागं होतं. आणि सवड रात्री दहालाच मिळत असेल, तर त्या वेळेत चालणं आणि सावकाश ताण देणं एवढंच करा. वजनं सुट्टीच्या दिवशी सकाळी न्या.

व्यायामाआधी घ्यायच्या पावडरी हा इथला लपलेला चोर आहे. त्यांच्या एका मात्रेत बऱ्याचदा १५० ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असतं. कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, काहींना बरेच जास्त. संध्याकाळी सहाला २०० मिलिग्रॅम घेतलं तर अकराला सुमारे १०० मिलिग्रॅम अंगात उरतं, म्हणजे झोपताना एक कप कॉफी प्यायल्यासारखंच. झोपेच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅमने एकूण झोप तासाहून जास्त कमी झाल्याचं २०१३ च्या एका प्रयोगात दिसलं. म्हणून शेवटचं कॅफिन झोपेच्या आठ ते दहा तास आधी. पण एकदम बंद करू नका, डोकं धरेल आणि दोन-तीन दिवस व्यायामही होणार नाही. दर तीन-चार दिवसांनी पाव भाग उतरवा.

व्यायामासाठी सकाळ चांगली, हे बहुतेकांना लागू आहे. उठल्यापासून तासाभरात अर्धा तास उघड्यावर चाललं की उजेड आणि हालचाल दोन्ही एकदम मिळतं. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांच्या कित्येक पट असतो. झोप उशिरा लागणाऱ्यांना याचा विशेष उपयोग होतो, कारण घड्याळ पुढून मागे, लवकरच्या वेळेकडे सरकतं. पण एक अपवाद फार महत्त्वाचा आहे. ज्यांना रात्री आठ-नऊलाच पेंग येते आणि पहाटे तीनला टक्क जाग येते, त्यांचं घड्याळ आधीच लवकरच्या वेळेकडे सरकलेलं असतं. वय वाढलं की हे बरेचदा दिसतं. त्यांनी भल्या पहाटे उजेडात चालायला जाणं म्हणजे घड्याळ आणखी त्याच दिशेला ढकलणं. त्यांनी व्यायाम संध्याकाळी, सूर्य मावळण्याआधीच्या उजेडात करावा. रात्री जेवणानंतर सोफ्यावर लागणारी वीस मिनिटांची डुलकी हीसुद्धा मोठी चोरी आहे. दिवसभर साठवलेली झोपेची ओढ ती तिथेच खर्च करून टाकते. त्या वेळी उठून पंधरा मिनिटं हळू चाला. 

व्यायामानंतर दुपारी आडवं होणं टाळा. अगदीच डोळे मिटत असतील, तर तीनच्या आत, गजर लावून, २० मिनिटं.

पहाटे तीनला जाग आल्यावर काय? उठून योगासनं, पुशअप किंवा ट्रेडमिल अजिबात नको. दिवे लागतात, ठोके वाढतात आणि शरीर तीनला उठायला शिकतं. घड्याळ न पाहता, साधारण वीस मिनिटं झाली असं वाटलं की अंथरुणातून बाहेर या आणि मंद उजेडात बसा. श्वास चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. किंवा पायांपासून सुरुवात करून एकेक स्नायू पाच सेकंद आवळा आणि पंधरा सेकंद सैल सोडा: पावलं, पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, चेहरा. पूर्ण जोर लावू नका, नाहीतर पोटरीत गोळा येतो. हे झोप आणण्यासाठी करायचं नाही, सैल होण्यासाठी करायचं. झोपेची वाट बघत केलं की तेही निष्फळ ठरतं. पेंग आली की परत अंथरुणावर जा.

जुनाट निद्रानाशावरचा पहिला उपचार व्यायाम नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. निद्रानाशासाठीची वर्तणूक उपचारपद्धती हा पहिला उपाय असावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ साली केली. त्यात अंथरुणातला वेळ प्रत्यक्ष झोपेइतका आवळला जातो. नोंदीनुसार सरासरी झोप साडेपाच तास असेल तर अंथरुणातही साडेपाच तासच. पाच तासांच्या खाली सहसा नेत नाहीत. अंथरुणातल्या वेळेपैकी साधारण ८५ टक्के किंवा जास्त वेळ झोपेत जाऊ लागला की आठवड्याला १५ मिनिटं वाढवतात. पहिले दोन-तीन आठवडे दिवसा झोपाळूपणा वाढतो, म्हणून त्या काळात व्यायाम वाढवू नका, आहे तेवढाच ठेवा. अपस्मार किंवा द्विध्रुवी विकार असलेल्यांनी आणि वाहन किंवा यंत्र चालवणाऱ्यांनी हे स्वतःच्या मनाने करू नये.

वजन कमी करायला म्हणून व्यायाम सुरू केला असेल तर आहार फार तोडू नका. भुकेल्या पोटी जाग येते. २०१० च्या एका छोट्या प्रयोगात सारखाच कमी आहार देऊन त्याच माणसांना एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास झोपेची संधी दिली. वजन दोन्ही वेळा जवळपास सारखंच उतरलं, पण कमी झोपेत चरबी निम्म्याहून कमी गेली आणि स्नायूंसारखा चरबीविरहित भाग जास्त गेला. झोप बसेपर्यंत वजन स्थिर ठेवणं हाच शहाणपणाचा सौदा आहे.

झोपेची गोळी घेत असाल तर तिचा अंमल सकाळी उरू शकतो. झोल्पिडेमसाठी महिलांची मात्रा निम्मी करण्याचा निर्णय अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ साली याच कारणाने घेतला. म्हणून पहिल्या तासात तोल सांभाळायचे प्रकार आणि जड वजनं नकोत. बीटा ब्लॉकर (रक्तदाब-हृदयविकारावरची, ठोके मंदावणारी औषधं) घेणाऱ्यांनी नाडीच्या आकड्यांवर व्यायामाचा जोर ठरवू नये, ठोके मुळातच दाबलेले असतात. बोलण्याची चाचणी वापरावी. घोरणं मोठं आहे आणि झोपेत श्वास अडकतो, संध्याकाळी पायांत अस्वस्थ वळवळ होते, वजन उतरतंय आणि धडधडतंय, किंवा मन सतत उदास आहे, तर आधी डॉक्टरांना दाखवा. वळवळीत रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाचा साठा, तपासून घेण्यासारखं असतं. झोप तीन तासांवर आली तरी थकवाच नाही, उलट उत्साह ओसंडतोय आणि व्यायाम दुपटीने वाढलाय, हीसुद्धा आनंदाची बातमी नव्हे. त्याच आठवड्यात डॉक्टरांची भेट घ्या.

दोन आठवडे रोज एका ओळीची नोंद ठेवा: अंथरुणात गेल्याची आणि उठल्याची वेळ, झोपेचा ढोबळ अंदाज, व्यायामाचा प्रकार आणि तो संपल्याची वेळ, शेवटचं कॅफिन, डुलकी. एका रात्रीवरून निष्कर्ष काढू नका, आठवड्याची सरासरी पहा. नोंदीतून असं दिसलं की व्यायाम वाढवल्यानंतरच झोप बिघडली, सकाळची नाडी चढती आहे आणि पाय सतत भरलेले आहेत, तर व्यायाम झोपेला मारतोय. दहा दिवस सगळं निम्म्यावर आणा, इंटरव्हल काढून टाका. झोप परत आली तर मग आठवड्याला १० टक्क्यांनी वाढवत जा. दहा दिवसांत फरकच पडला नाही, तर दोष व्यायामाचा नव्हता. तो पुन्हा पूर्वीच्या पातळीवर न्या आणि ती नोंदवही घेऊन निद्राविकारांच्या तज्ज्ञांकडे जा; पहिल्या भेटीत ते तीच मागतील.